उपग्रहाची सौर वीजव्यवस्था

सूर्यप्रकाशापासून वीज मिळवणे, ती साठवणे, हव्या त्या व्होल्टेजला आणणे आणि बिघडलेला भाग तोडून बाकीचे जगवणे, ही कामे करणारी उपग्रहातील यंत्रणा. पृथ्वीच्या कक्षेत दर चौ. मीटरला सुमारे १,३६१ वॅट सौरऊर्जा मिळते. सोलापुरात मे महिन्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो, तेव्हाही जमिनीवर साधारण १,००० वॅटच पोचतात. उन्हाची ही चंगळ असली तरी आराखडा सावलीपासून सुरू करावा लागतो.

५०० किमी उंचीवरचा उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत एक फेरी मारतो. त्यातली जास्तीत जास्त ३६ मिनिटे पृथ्वीच्या सावलीत जातात. १० सेंमी घनाच्या उपग्रहाला सरासरी १ वॅट लागतो असे धरू. सावलीत ०.६ वॅट-तास खर्च होतील. चार्जिंग, साठवण आणि रूपांतर यांतली घट धरून (एकूण कार्यक्षमता ६० टक्के) त्यासाठी उन्हात १ वॅट-तास जादा मिळवावा लागेल. उन्हातल्या ५९ मिनिटांचा खर्च ८० टक्के कार्यक्षमतेने १.२३ वॅट-तास. म्हणजे १ वॅटच्या भारासाठी (वीज वापरणाऱ्या भागांसाठी) पॅनेलकडून उन्हात सरासरी २.३ वॅट हवेत. वर्षाला साडेपाच हजारांवर फेऱ्या होतात, म्हणून लिथियम-आयन बॅटरी एका फेरीत २० ते ३० टक्क्यांहून जास्त रिकामी करत नाहीत.

पॅनेल थंड असताना व्होल्टेज वाढते, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. तीन थरांच्या गॅलियम आर्सेनाइड सेलचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे ६ मिलिव्होल्टने बदलते. सावलीतून उणे ८० अंशांवर बाहेर आलेल्या, दोन सेलच्या साखळीचे खोलीच्या तापमानाचे ५.४ व्होल्ट ६.७ च्या आसपास जातात. कन्व्हर्टरची (व्होल्टेज बदलून देणाऱ्या सर्किटची) कमाल मर्यादा खोलीच्या तापमानावर ठरवली असेल, तर तो याच क्षणी जळू शकतो.

बॅटरीचे दुखणे उलटे. शून्याखाली चार्ज केल्यास ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकाच्या पट्टीवर) धातुरूप लिथियम साचते, क्षमता कायमची घटते आणि आतून शॉर्ट होण्याचा धोका वाढतो. म्हणून हीटर लागतो, आणि त्याचा खर्च हिशेबात धरायचा राहून जातो. चार्जिंगची वरची मर्यादा बॅटरीच्या बहुतेक सेलना ४५ अंश. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीवर चाचणी करताना पॅनेल उन्हात ठेवावे, बॅटरी मात्र खोलीत ठेवून लांब वायरने जोडावी. वायरमधली व्होल्टेजची घट मोजून वजा करावी.

गच्चीवरचे आकडे १.३६ ने गुणून अंतराळातले आकडे मिळत नाहीत. सेलचे तिन्ही थर एकसरीत (एकामागे एक जोडलेले) असतात आणि सर्वांत कमी प्रवाह देणारा थर साऱ्यांना अडवतो. वातावरण निळा-जांभळा प्रकाश जास्त गाळते, धूळ त्यात भर घालते. त्यामुळे वरचा थर उपाशी राहतो. गच्चीवर जोडणी, डायोडची दिशा आणि कमाल शक्तिबिंदू (ज्या व्होल्टेजला पॅनेल सर्वांत जास्त वीज देते तो बिंदू) शोधणारे सर्किट तपासावे. क्षमतेचे माप सौर सिम्युलेटरवरच (अंतराळातल्या उन्हासारखा प्रकाश देणाऱ्या दिव्याच्या यंत्रावर) घ्यावे.

कमी व्होल्टेजला भार तोडणाऱ्या सर्किटमध्ये तोडण्याचा आणि जोडण्याचा आकडा एकच ठेवू नये. भार सुटताच बॅटरीचे व्होल्टेज वर येते, भार पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो आणि संगणक सतत रीसेट होत राहतो. दोन सेलच्या बॅटरीत ६.४ व्होल्टला तोडून ७.२ ला जोडणे बरे. बॅटरी पूर्ण मेली तरी केवळ पॅनेलवर, संगणकाच्या आज्ञेशिवाय, चार्जर सुरू झाला पाहिजे; ही चाचणी बॅटरी काढून, अंधारातून हळूहळू प्रकाश वाढवत करतात.