कंपनी घरं कधी बांधते? वाड्या, टाउनशिप आणि मुंबईच्या गिरण्या

कंपन्या कामगारांसाठी घरं बांधणार अशी बातमी आली की काहीतरी नवीन वाटतं, पण आपल्याकडे ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळरान दिलं, नुसता निवडुंग नि साप. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. असल्या जागी नांगर बनवायला कारागीर येणार कसा, त्याची बायकापोरं राहणार कुठे, म्हणून कारखान्याबरोबर वस्तीही उभी करावीच लागली. पुढे वालचंदनगरचं तेच, तिकडे साकचीच्या (आताच्या जमशेदपूरच्या) जंगलात टाटांचंही तेच.

मुंबईत मात्र गिरणीमालकांना अशी गरजच पडली नाही, मला तरी हाच खरा मुद्दा वाटतो. रत्नागिरी, साताऱ्याकडून माणसं येतच होती, गाववाल्याच्या खोलीत टेकायची, एकजण पाळीला गेला की दुसरा त्याच जागेवर झोपायचा आणि जेवायला खानावळ. काही गिरण्यांनी चाळी बांधल्या पण फार थोड्या. १८९६ ला प्लेग आला तेव्हा कुठे सरकार हललं आणि १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. मग १९२० मध्ये बीडीडी, म्हणजे सरकारचं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, त्यासाठी कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला, ठरवल्या होत्या ५०,००० खोल्या आणि झाल्या १६ हजारांच्या आसपास, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे गिरणगावात राहायची सोय केली ती जास्त करून सरकारनं आणि खाजगी चाळमालकांनी.

१९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न जमिनीचा झाला. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेचा एक तृतीयांश भाग घरांसाठी म्हाडाला (राज्य सरकारच्या गृहनिर्माण संस्थेला) मिळणार होता, २००१ मध्ये तो बदलून फक्त मोकळ्या जागेचा हिशोब धरला, गिरणीचं बांधकाम जिथे उभं होतं ती जमीन वाटणीतून गेली, आणि कामगारांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. गिरणी कामगारांसाठीच्या २०१२ च्या म्हाडा लॉटरीत ६,९२५ घरं निघाली, २२५ चौरस फुटांची, आणि अर्ज केलेले कामगार आणि वारस लाखाच्या वर होते.