जोडाच्या दोन तारा

मैफलीआधी तंबोरे जुळवले जात असतात, तेव्हा सभागृहात बहुतेकांच्या गप्पा चाललेल्या असतात. मला मात्र ती दहा मिनिटं सोडवत नाहीत. खुंटी पिळून तार जवळजवळ सुरात आलेली असते. मग घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाली तारेत ओवलेला मणी केसभर सरकतो आणि जोडाच्या दोन तारा, म्हणजे एकाच सा वर लावलेल्या मधल्या तारा, एकाच तारेसारख्या वाजू लागतात. एवढासा फरक कानाला कळतो कसा?

काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, आसपास लावलेल्या तंबोऱ्यात जोडाची तार सेकंदाला सुमारे १४० वेळा कंप पावते. समजा, दुसरी तार १४०.५ वर राहिली. सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराचा हा जेमतेम सोळावा हिस्सा. दोन्हींचा आवाज मिसळला की तो दर दोन सेकंदांनी एकदा फुगतो आणि ओसरतो. इतका संथ हेलकावा सहज निसटून जाईल. पण तार कधीच एकटा स्वर देत नाही. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर तिच्यासोबत येतात. पाचपटीच्या जागी एका तारेचे ७०० आणि दुसरीचे ७०२.५ असतात, म्हणजे सेकंदाला अडीच हेलकावे. दहापटीच्या जागी पाच. खाली लपलेली चूक वर जाता जाता मोठी होत जाते.

म्हणून तर जवारी हवी, म्हणजे वरचे उपस्वर उमलवणारी घोडीची घडण. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. कंप पावताना तार त्यावर टेकते, सुटते. तारेखालचा दोरा नेमक्या जागी बसला की वरचे उपस्वर भरभरून उमलतात. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे तपासलं. तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर नियमानुसार ऐकूच यायला नको. तंबोऱ्यात तोही जोरात येतो, असं त्यांना आढळलं. मिरजेतले कारागीर ही घोडी आजही हातानं घासून, कानानं पारखत बसवतात.

आता कानाकडे येऊ. आतल्या कानात अडीच वेढ्यांची गोगलगाईसारखी नळी आहे आणि तिच्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा. उंच स्वर त्याला प्रवेशापाशी हलवतात, खर्ज पार आतल्या टोकाशी. पहिले सहा-आठ उपस्वर या पडद्यावर आपापल्या जागी सुटे पडतात. जोडाच्या निम्म्या कंपनसंख्येवर लावलेल्या खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो तो त्यामुळेच : ७० च्या पाचपट ३५०, तोच वरचा गंधार. त्यापुढचे उपस्वर दाटीवाटीनं एकमेकांवर पडतात आणि जवारीचा झणकार होऊन येतात.

माझ्या मते सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढेच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीन यांनी श्रोत्यांना अनेक स्वरांचा एकत्र ध्वनी ऐकवला आणि त्यातला एकच स्वर किंचित मोठा केला. दरवेळी एकूण आवाजही मुद्दाम लहानमोठा ठेवला, म्हणजे 'हा आवाज मोठा वाटला' या अंदाजावर उत्तर देता येऊ नये. तरीही लोकांनी फरक ओळखला. दोन ध्वनींमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवलं तरी फारसं बिघडलं नाही. आणि सोबतचे स्वर वाढवले, तेव्हा काम कठीण होण्याऐवजी सोपं झालं! कान प्रत्येक स्वराचा जोर सुटा लक्षात ठेवत नाही. कोणता स्वर शेजाऱ्यांच्या तुलनेत किती वर आहे, ती सबंध आकृती तो धरतो. त्याच पट्टीत 'आ' म्हटलं काय आणि 'ई' म्हटलं काय, फरक असतो तो या आकृतीचाच.

ही आकृती रेखीव ठेवतात त्या आतल्या कानातल्या त्या पडद्यावरच्या, केसांसारखे तंतू असलेल्या पेशींपैकी बाहेरच्या रांगांतल्या, म्हणजे बाहेरच्या केशपेशी, प्रत्येक कानात सुमारे बारा हजार. त्या लांब-आखूड होत पडद्याच्या हालचालीला नेमक्या जागी बळ देतात. वयानं किंवा सततच्या मोठ्या आवाजानं त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मग आवाज क्षीण होतो, शिवाय शेजारशेजारचे स्वर एकमेकांत सांडतात. श्रवणयंत्र आवाज वाढवतं, पण सांडलेलं वेगळं करू शकत नाही. म्हणून घरात चारजण एकदम बोलू लागले की आजोबा म्हणतात, "ऐकू येतंय रे, पण कळत नाही."