बैलाची शेपटी आणि एक सेकंद उशिरा येणारं दुखणं

मागच्या रविवारी विट्याच्या स्टँडजवळ चहा पीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोन-तीन पोरं मोबाईलवर बैलगाडी शर्यतीचा व्हिडिओ बघत होती. छकडीवरचा ड्रायव्हर पुढं वाकतो, बैलाची शेपटी दातात धरतो आणि करकचून चावतो, बैल उसळी मारून सुटतो आणि मग नुसता धुरळा. मी म्हटलं, अरे किती दुखत असेल त्याला. तर त्यातलं एक पोरगं म्हणालं, "काका, बैलाचं कातडं जाड असतंय, लागलं असतं तर वरडला नसता का? उलट पळतोय बघा कसा." पोरगं काही दुष्ट नव्हतं, स्वतःच्या घरी खिल्लार खोंड जीव लावून सांभाळतंय, त्याला मनापासून तसंच वाटत होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी त्या जाड कातड्याचं बघू. जाडी असते ती आतल्या थराची, ज्याचं चामडं होतं त्याची. वेदना ओळखणारी चेतातंतूंची टोकं मात्र पार वरच्या थरापर्यंत आलेली असतात. खात्री करायची तर गोठ्यात जा, बैलाच्या पाठीवर माशी बसली की तेवढंच कातडं थरथरतं. ज्याला माशीचे पाय कळतात त्याला पराणीची, म्हणजे बैल हाकायच्या काठीची, टोचणारी आर कळणार नाही होय? आणि शेपटीला तर मांस जवळजवळ नाहीच, कातडं आणि लगेच हाड.

आता पळण्याचं. वेदनेची बातमी न्यायला शरीरात दोन प्रकारचे तंतू असतात. एक ए-डेल्टा, ह्यांच्यावर चरबीचं पातळ वेष्टण असतं, मधेमधे छोट्या फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारत जातो, सेकंदाला ५ ते ३० मीटर. दुसरे सी तंतू, बारीक आणि उघडे, त्यांच्यात संदेशाला इंच-इंच पुढं सरकावं लागतं, वेग सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. म्हणजे एक विनाथांबा सांगली-सातारा गाडी आणि दुसरी प्रत्येक फाट्यावर थांबणारी लाल एसटी. दगडाला अंगठा ठेचला की आधी झर्रकन कळ येते आणि क्षणभराने ते खोल ठणकणारं दुखणं येतं ना, ती ही दुसरी गाडी.

आता बैलाची शेपटी धरा मीटरभर लांब. चावल्यावर पहिली कळ पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत जायला सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा लागत नाही आणि बैल उसळतो. ठणका सी तंतूंवरून सेकंदाला एक मीटरने निघाला तर शेपटीच्या टोकापासून वर यायला एक सेकंद. तेवढ्यात ताशी ३० किलोमीटरने पळणारा बैल आठ मीटर पुढं गेलेला असतो. आपण टाळ्या वाजवतो तेव्हा खरं दुखणं अजून वाटेत असतं.

आणि ते पोचतं तेव्हाही लगेच पूर्ण जाणवत नाही. जीव वाचवायला पळायचं असतं तेव्हा मधल्या मेंदूतून खाली मेरुरज्जूकडे उलटे आदेश सुटतात, एंडॉर्फिन नावाची अफूसारखं काम करणारी रसायनं येतात आणि वेदनेचा संदेश जिथं एका तंतूतून दुसऱ्यात जातो तिथंच त्याची वाट अडवली जाते. मेरुरज्जूत वेदनेला असं फाटक असतं ही कल्पना मेलझॅक आणि वॉल ह्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडली. त्याच्या आधी दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर ह्या अमेरिकन डॉक्टरांनी इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना विचारलं होतं, वेदनेवर औषध हवंय का, तर चारातल्या सुमारे तिघांनी नको म्हटलं, शुद्धीवर असून. त्यांना लागलं नव्हतं असं कोण म्हणेल? ही सगळी यंत्रणा बैलातही आपल्यासारखीच आहे. शिंगाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना डॉक्टर बैलाला लिग्नोकेनची भूल देतात, दात काढताना आपल्या हिरडीत टोचतात तीच.

वरडत नाही म्हणाल तर तो शिकार होणाऱ्या प्राण्यांच्या वंशातला आहे, कळपात कण्हणारं जनावर वाघाला आधी कळतं. गाई-बैलाचं दुखणं डोळ्यात बघायचं असतं, घाबरलेल्या जनावराच्या डोळ्यातला पांढरा भाग जास्त दिसायला लागतो. गप्प आहे म्हणजे काही झालं नाही हा हिशोब आपण माणसांनाही लावतो, घरात मार खाऊन निमूट भाकऱ्या थापणाऱ्या बाईलाही, म्हणून मला तो इतका टोचतो.

कायद्याचं सांगायचं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. शर्यतींना सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ ला मान्यता दिली, पण बैलाला वेदना द्यायची नाही ह्या अटीवर.

आमच्या मामाकडे आटपाडी तालुक्यात एक कोसा खिल्लार बैल होता. मी शाळेत असताना एकदा मैदानावरून परत आला आणि कडब्याला तोंड लावेना, रवंथ बंद. मैदानात पहिला आला होता म्हणून सगळ्यांना वाटलं नजर लागली. शिंगाला लिंबू-मिरची बांधली, अंगारा लावला, ह्यात दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत एंडॉर्फिन ओसरलेलं, जखमेभोवती सूज, आणि सुजेतली रसायनं चेतातंतूंची टोकं अशी हुळहुळी करतात की नुसता हात लागला तरी कळ जाते. तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर आले, शेपटी मुळापासून चाचपत खाली गेले आणि एका जागी बोट ठेवल्यावर बैल थरथरून बाजूला सरकला. शेपटीचं हाड मोडलं होतं, वर दाताचे व्रण. लिंबू-मिरची तशीच लटकत होती. डॉक्टरांनी सूज आणि दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, आणि संध्याकाळी दिवेलागणीला बैल खाली बसून रवंथ करायला लागला.