पार्श्वभूमी : शिडाच्या होड्यांची वेगळी चूल

अमेरिकेतल्या शिडाच्या होड्यांच्या व्यापारी संघटनेचा इतिहास पाहताना 'फक्त' या एका शब्दाशी अडायला होतं. १९९० साली होड्या बांधणारे, शिडं शिवणारे, दोर-कप्प्या बनवणारे, होड्या भाड्याने देणारे आणि शिकवण्या चालवणारे एकत्र आले. खेळ वाढला तरच धंदा वाढेल, एवढं त्यांचं साधं गणित होतं. त्यांनी प्रदर्शनं भरवायला घेतली आणि नावातच सांगून टाकलं : फक्त शीड. शिकागो, मायामी, ओकलंड सगळीकडे तेच. पुढे पॅसिफिक किनाऱ्यावरचं प्रदर्शन कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून जवळच्या रिचमंडला हललं आणि नाव झालं 'शीड आणि मोटर'. नवी जागा म्हणजे खाडीकाठचा फोर्डचा जुना कारखाना. १९३१ मध्ये सुरू झालेल्या या कारखान्यात मोटारी जोडल्या जात, दुसऱ्या महायुद्धात तिथूनच जीप आणि रणगाडे रवाना झाले. ठरवून कुणी केलं नसणार, पण मोटरला घरात घ्यायचं तर याहून समर्पक घर मिळालं नसतं.

यॉट म्हटलं की आपल्याकडे धनिकाचं तीन मजली पांढरं जहाज डोळ्यांसमोर येतं. इथे विषय बहुतेक वेळा बावीस ते चाळीस फुटांच्या होड्यांचा आहे, त्याही हप्त्यांवर घेतलेल्या.

क्लब, लाकडी नौका, चषकाच्या शर्यती हा सगळा भाग बाजूला ठेवू. धंदा म्हणून खरी सुरुवात १९५९ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झाली. र्‍होड आयलंडमधल्या दोन चुलतभावांनी तिथे ट्रायटन नावाची २८ फुटी फायबरग्लासची होडी मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. लाकडी होडीला दर हिवाळ्यात खरवडणं, फटी बुजवणं, रंग देणं आलंच. ही साच्यातून निघालेली, कुजणं माहीत नसलेली. दहा वर्षांत कॅटलिना २२ आली. गाडीच्या मागे जोडून नेता येणारी ही होडी पुढे पंधरा हजारांहून जास्त बांधली गेली. १९७३ च्या तेलटंचाईत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, तेव्हा वाऱ्यावर चालणाऱ्या वस्तूची निराळी जाहिरात करावीच लागली नाही.

पण न कुजणारी वस्तू विकणाऱ्याची पंचाईत अशी की ती खरोखरच कुजत नाही. १९६८ ची होडी १९८८ मध्येही तरंगत होती. शिडं नवी, गादीची खोळ नवी, की झालं काम. नव्या होडीच्या पाव किमतीत शेजारच्या धक्क्यावर जुनी मिळत असेल तर कारखान्याकडे कोण जाईल? १९८० च्या दशकात कारखानदारांचे खरे प्रतिस्पर्धी त्यांनीच वीस वर्षांपूर्वी विकलेल्या होड्या होत्या. मला हे मूळ दुखणं वाटतं, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते.

चर्चा होते ती चैनीच्या कराची. १ जानेवारी १९९१ पासून होडीच्या किमतीतल्या एक लाख डॉलरच्या वरच्या भागावर दहा टक्के कर लागला. म्हणजे दीड लाखाच्या होडीला पाच हजार. मोटारींसाठी ही मर्यादा तीस हजार होती, दागिन्यांसाठी दहा हजार. गंमत म्हणजे त्याच सरकारच्या प्राप्तिकर नियमांत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली होडी 'दुसरं घर' म्हणून बसत होती आणि तिच्या कर्जाच्या व्याजावर सवलत मिळत होती. एका खिडकीवर घर, दुसरीवर चैन. मंदी १९९० च्या मध्यालाच सुरू झाली होती. त्यात हा कर आला, आणि मोठ्या होड्यांचं गिऱ्हाईक 'बघू पुढे' म्हणत थांबलं. ट्रायटन बांधणारी कंपनी १९९१ मध्ये बुडाली. तोवर ती त्या भावांच्या हातून केव्हाच गेली होती. १९९३ च्या ऑगस्टमध्ये होड्यांवरचा कर रद्द झाला, तोही जानेवारीपासून मागे जाऊन. मोटारींवरचा मात्र २००२ च्या अखेरपर्यंत रेंगाळला.

धंद्यातली जुनी माणसं सगळं खापर या करावर फोडतात. घाव खरा होता, पण संघटना त्याआधीची आहे. ती कराविरुद्ध उठलेली फौज नव्हती, आपला गिऱ्हाईक म्हातारा होतोय हे दिसलेल्या दुकानदारांची जमवाजमव होती.

आता त्या 'फक्त'कडे. मोटरवाल्यांपासून वेगळं व्हायचं कारण कुठल्याही मोठ्या बंदिस्त प्रदर्शनात एक चक्कर मारली की कळतं. मोटरबोट हॉलमध्ये आहे तशी शोभते. चकचकीत, टोकदार, आत दिवे लावलेले. शिडाच्या होडीची डोलकाठी छताला लागते म्हणून बहुतेक वेळा उभीच केलेली नसते. काठी नाही, शीड नाही, वारा तर नाहीच. उरतं ते बैठकीवर चढवलेलं न्हाणीतलं टब. खालचा शिशाचा जड भाग उघडा पडलेला, आणि शिडी चढून आत डोकावणारं कुटुंब विचारतं, 'ही चालते कशी?' म्हणजे विक्रेत्याला आधी मास्तर व्हावं लागतं. शिडाची होडी विकायची तर वारा कुठून घ्यायचा, कलली तर घाबरायचं का नाही, हे शिकवल्याशिवाय सौदा होत नाही. तिचं प्रदर्शन शाळेजवळ असावं, हा वेगळ्या चुलीमागचा विचार होता. शक्य तिथे पाण्यावर, आणि पाहुण्याला अर्धा तास फिरवून आणता येईल असं.

विरोधकांचा मुद्दाही साधा होता. 'फक्त शीड' बघायला फक्त शीडवालेच येतात. ज्याला अजून आपल्याला होडी हवी हेच कळलेलं नाही, तो मोठ्या मिश्र मांडवात भटकतो. तिथे आपण नसलो तर त्याला आपण दिसणारच नाही.

त्यात शब्दाचाच गुंता. पंचवीस फुटांवरच्या बहुतेक शिडाच्या होड्यांच्या पोटात डिझेल इंजिन असतं. वारा पडला, गोदीत वळायचं झालं की ते लागतंच. समुद्रात टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी यावर फार नेमकी व्याख्या केली आहे : यंत्र बसवलेलं असलं तरी ते वापरात नसेल, तरच ती शिडाची नौका. शिडं फुगलेली असोत, इंजिनाच्या जोरावर चालू लागली की त्या क्षणापासून ती यंत्रनौका. तिने दिवसा पुढे, दिसेल अशा जागी, टोक खाली केलेला काळा शंकू टांगायचा. शिडाची नौका म्हणून मिळणारा अग्रक्रम सोडला, हे समोरच्याला कळावं म्हणून. कित्येकांच्या होडीत हा शंकू गादीखाली कधीच न काढलेला पडून असतो. सांगायचं एवढंच की नियमाच्या लेखी 'शीड' ही होडीची जात नाही, त्या घडीची अवस्था आहे. संघटनेने तिला जात मानून पाटी लावली.

ती पाटी टिकली नाही. शिकागोत सुरुवातीला तळ्याकाठच्या जुन्या धक्क्यावर स्वतंत्र भरणारं प्रदर्शन नंतर मोटरबोटींच्या मोठ्या मांडवात शिरलं. २००८ च्या पडझडीनंतर वेगळा मांडव परवडणं अवघड झालं होतं. रिचमंडचं नामांतर त्याच ओघातलं. काहींनी याला शरणागती म्हटलं. मला तो उशिरा आलेला हिशेबीपणा वाटतो, पण वेगळेपणाने जी शिकवणी-संस्कृती उभी केली ती मिश्र मांडवात पातळ होते, हेही तितकंच खरं.

मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसने या वादात पडण्याआधीच तोड काढली होती. तिथे शिडाच्या होड्या शिकवण्याची शाळा चालवणाऱ्या एका गृहस्थाने १९७० मध्ये पाण्यावरचं प्रदर्शन सुरू केलं. शिडवाल्यांचा आठवडा वेगळा, मोटरवाल्यांचा वेगळा, तरंगते धक्के तेच. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भोंगा वाजतो आणि एकमेकींना चिकटून बांधलेल्या होड्या एकेक करून सुटू लागतात. गावातले लोक हातात बिअर घेऊन काठावर हा निरोप बघायला उभे असतात. शिडं गुंडाळलेली असतात, आणि होड्या इंजिनावर बाहेर पडतात.