होलचं माप देताना : पीसीबीची (सर्किट बोर्डची) ऑर्डर देणाऱ्यांसाठी

ड्रिल फाइल (कुठे, किती मापाचं होल हवं ती यादी) पाठवण्याआधी, जो कंपोनंट लावायचाय तो हातात घ्या आणि त्याच्या पायाला व्हर्निअर लावा. नुसत्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतल्या फुटप्रिंटवर (कंपोनंटच्या पायांच्या तयार आराखड्यावर) भिस्त ठेवून केलेले बोर्ड आमच्याकडे दुसऱ्यांदा येतात. ते पैसे घेताना आम्हालाही बरं वाटत नाही.

गोल पायाचा हिशेब सोपा. मोजलेल्या मापात ०.२ ते ०.३ मिमी मिळवा. पाव वॉट रेझिस्टरची तार साधारण ०.६ मिमी, तिला ०.८ किंवा ०.९ पुरतं.

फसवते ती चौकोनी पिन. २.५४ मिमी पिचच्या (पिनांमधल्या अंतराच्या) हेडरची, म्हणजे पिनांच्या पट्टीची, पिन ०.६४ मिमी भरते, म्हणून बरेच जण ०.८ लिहून मोकळे होतात. पण गोल होलात बसायला हवा तो पिनचा कर्ण, आणि तो होतो ०.९ मिमी. मग पिना ठोकून बसवल्या जातात आणि होलाच्या आतलं प्लेटिंग (तांब्याचा थर) खरवडतं. इथे १.० द्या. ४० पिनांची पट्टी असेल तर १.१ दिलंत तरी हरकत नाही, बसवणारा दुवा देईल.

ढिलं होलही महागात पडतं, विशेषतः सिंगल साइड (एकाच बाजूला तांबं असलेल्या) बोर्डात. तिथे आत प्लेटिंग नसतं, सगळा भार एका बाजूच्या पॅडवर (होलाभोवतीच्या तांब्याच्या कड्यावर). स्क्रू टर्मिनलची वायर चार वेळा ओढली की पॅड उखडतो. म्हणून सिंगल साइडला ०.८ च्या होलाभोवती १.८ चा पॅड ठेवा.

डबल साइडला आम्हाला तयार होलचं माप द्या. प्लेटिंगचं तांबं भिंतीवर सुमारे २५ मायक्रॉन चढतं, व्यासात ०.०५ मिमी घटतं. ते आणि वरचं टिन धरून आम्ही ०.१ मोठं ड्रिल लावतोच. तुम्हीही वाढवून पाठवलंत, तर वाढ दुप्पट!

एम-३ स्क्रूला ३.२, आणि 'प्लेटिंग नको' असं लिहा. डीसी जॅकचे पाय चपटे असतात. गोल होलाऐवजी स्लॉट (लांबट होल) काढा, आणि तो फाइलच्या कोणत्या लेयरवर आहे ते कळवा. १.६ मिमी बोर्डात ०.३ पेक्षा बारीक व्हाया (बोर्डाच्या दोन बाजू जोडणारं होल) हवा असेल तर आधी बोला, तेवढे बारीक बिट पटापट मोडतात.

फाइल मिमीत की इंचात, तेही लिहा. ०.०३१५ दिसलं की ते इंचातलं ०.८ मिमी, हे आम्ही ओळखतो. शंका आली तर फोन केल्याशिवाय मशीन चालू करत नाही, तेव्हा ऑर्डरवर उचलला जाणारा नंबर द्या.