मालिश, आडनाव आणि नकाराचे कारण

नाशिकमध्ये मालिशच्या व्यवसायातल्या नीतीचा विषय निघाला की बोलणे लगेच मसाज पार्लरवरच्या पोलिसांच्या छाप्याकडे वळते. लैंगिक गैरवर्तन हा गंभीर प्रश्न आहेच. पण तेवढाच जुना दुसरा एक प्रश्न त्याच्या आड राहून गेला आहे: मालिश करणाऱ्याच्या मनातला पूर्वग्रह हातात उतरला, तर त्याचा जाब कोण विचारणार?

हा प्रश्न थेट चरकसंहितेपर्यंत, म्हणजे आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथापर्यंत, मागे जातो. त्याच्या विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना सांगायचे नियम आहेत. रुग्णाच्या घरातली गोष्ट बाहेर सांगू नये, नवरा किंवा पालक जवळ नसताना स्त्रीवर उपचार करू नयेत, असे ते सांगतात. गोपनीयतेचा नियम आजही जसाच्या तसा चालेल. मात्र राजाला किंवा महाजनांना जे नकोसे आहेत त्यांना औषध देऊ नये, हेही त्याच उपदेशात आहे. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात वैद्याच्या वृत्तीचे वर्णन मैत्री आणि आर्तांविषयी कारुण्य यांनी सुरू होते. करुणा आणि बहिष्कार एकाच ग्रंथात आहेत. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही वाचली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात अभ्यंग, म्हणजे तेलाचे मालिश, कोणाला वर्ज्य हे नेमके सांगितले आहे. कफाने ग्रासलेला, नुकतेच शोधन (वमन-विरेचनासारखी शरीरशुद्धी) झालेला आणि अजीर्ण झालेला, अशा तिघांना तेल लावू नये. तिन्ही कारणे शरीराची आहेत. माणूस कोणाच्या पोटी जन्मला, याचा तिथे संबंध नाही.

गावगाड्यात मात्र तेल लावणारे हात जातीने ठरलेले होते. बलुतेदार न्हावी हजामतीबरोबर अंगही रगडून देई, पण अस्पृश्य मानलेल्यांना तो हात लावत नसे. बाळ-बाळंतिणीला तेल लावायला सुईण येई. तिच्या हातांवर नवजात जीव सोपवला जाई आणि काम संपले की अनेक घरांत तिला उंबऱ्याबाहेर बसवत. तिचा स्पर्श गरजेपुरता चाले, गरज सरली की विटाळ होई. मालिशच्या व्यवसायात पूर्वग्रह दोन्ही बाजूंनी वाहतो, आणि त्याचे मूळ इथे आहे.

नाशिकला हे परके नाही. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे काही वर्षे नेटाने चालवला, तरी दरवाजे उघडले नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. कोणाच्या स्पर्शाने काय बाटते, यावरून या जिल्ह्यात एवढा मोठा लढा झाला आहे.

आधुनिक व्यवसायाची आचारसंहिता आली ती दुसऱ्या वाटेने. 1894 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने लंडनमधल्या मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या वेश्याव्यवसायावर लिहिले आणि सगळ्याच मालिश करणाऱ्या स्त्रियांची बदनामी झाली. त्याच वर्षी चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्मी स्त्रियांची संस्था काढली. डॉक्टरांच्या सूचनेशिवाय मालिश करायचे नाही, पुरुषांना अपवादात्मक परिस्थितीतच करायचे, सर्वसामान्य वृत्तपत्रांत जाहिरात द्यायची नाही, असे कडक नियम त्यांनी घातले. हीच संस्था पुढे ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संघटना झाली. त्या बायकांनी अब्रू सांभाळत व्यवसाय उभा केला, हे धैर्याचे काम होते. पण नियमांचा सगळा रोख अब्रूवर राहिला. टेबलावर कोण झोपले आहे यावरून हात आखडतो का, हे ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकावर सोडले गेले.

आपल्याकडे कायद्याने ही पोकळी थोडी भरली. 1955 च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. 2017 च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांशी आणि 2019 च्या कायद्याने तृतीयपंथीयांशी भेदभाव करण्यास मनाई केली.

तरी कायदा उघड नकारापर्यंतच पोहोचतो. एखाद्याचे मालिश लवकर आटोपते. कोणाच्या तळपायाला हात लावायचे टाळले जाते, तर जाड बाईला दाब कमी आणि उपदेश जास्त मिळतो. अशा वागण्याची फिर्याद काय लिहिणार?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्येच आहे. आयुर्वेद, फिजिओथेरपी, नर्सिंगचे विद्यार्थी त्याच्या परीक्षा देतात. आयुर्वेदाच्या डॉक्टरची नोंदणी असते. प्रत्यक्ष तेल लावणारा पंचकर्म केंद्रातला सहायक, स्पामधली थेरपिस्ट, घरोघरी जाणारी मालिशवाली यांच्यासाठी मात्र स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यांच्यावर अन्याय झाला तर दाद मागायला त्यांनाही व्यावसायिक व्यासपीठ नाही.

आणि अन्याय होतो. 'आडनाव काय?' हा प्रश्न आपल्याकडे किती सहज विचारला जातो आणि त्यातून काय काढून घेतले जाते, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. उत्तर ऐकून गिऱ्हाईक 'दुसरी बाई पाठवा' म्हणते, आणि धंदा बुडू नये म्हणून मालक पाठवतो. स्त्रीने स्त्री थेरपिस्टच मागितली तर तो तिच्या शरीराचा हक्क आहे, ती मागणी निमूट मानावी. आडनावावरून माणूस बदलून मागितला तर मालकाने नकार द्यावा, आणि त्या दिवशीचे पैसे त्या बाईच्या हातात ठेवावेत.