कोळशाच्या संचांवर भार कमी-जास्त करण्याची वेळ का आली

आपल्याकडे औष्णिक संचाची पत वर्षानुवर्षे एकाच आकड्यावर ठरली. तो म्हणजे पीएलएफ, क्षमतेच्या किती टक्के वीज दिली त्याचा हिशेब. केंद्राची वीजनिर्मिती कंपनी एनटीपीसी १९७५ची, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३चा. तो काळ टंचाईचा, त्यामुळे एकदा पेटलेला बॉयलर पूर्ण भारावर धगधगत ठेवायचा, हीच रीत. मागणीचे चढउतार महाराष्ट्रात कोयनेच्या पाण्यावर निभावले.

२०१५मध्ये केंद्राने २०२२पर्यंत १७५ गिगावॅट अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट जाहीर केले आणि गणित फिरले. दुपारी सौर वीज मुबलक, तेव्हा कोळशाने मागे सरायचे. दिवेलागणीला पुन्हा धावत यायचे.

घोडे अडते धातूपाशी. २१० आणि ५०० मेगावॅटच्या जुन्या संचांत पाणी व वाफ वेगळी करणारा जाडजूड ड्रम असतो. भार झटपट बदलला की त्याच्या भिंतीची आतली बाजू आधी तापते, बाहेरची मागाहून, आणि ताण येतो. एका दिवसात काही बिघडत नाही. पण शेकडो फेऱ्यांनंतर वेल्डपाशी, हेडरच्या (अनेक नळ्या जिथे मिळतात त्या जाड नळाच्या) तोंडाशी चीर धरते. दुसरी अडचण ज्योतीची. भार उतरवताना कोळसा दळणाऱ्या मिल एकेक करून बंद करतात. आपला भरपूर राखेचा कोळसा उरलेल्या मोजक्या बर्नरवर डळमळत जळतो. ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या स्कॅनरला ती दिसेनाशी झाली, तर बॉयलर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. म्हणून तेलाचा टेकू द्यायचा, आणि तेल महाग.

जर्मनीला हा पेच आधी पडला. तिथे ड्रम नसलेला बेन्सन बॉयलर कामी आला. १९२०च्या दशकात तो निघाला तेव्हा सौर विजेचा विचार अर्थातच कुणाच्या मनात नव्हता! कोराडीच्या ६६० मेगावॅटच्या सुपरक्रिटिकल, म्हणजे अतिउच्च दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या संचांनाही ड्रम नाही.

२०१६मध्ये केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने केंद्रीय आणि आंतरराज्य संचांसाठी किमान भार ५५ टक्के ठरवला. २०१८मध्ये एनटीपीसीच्या दादरी केंद्रात एक संच ४० टक्क्यांपर्यंत उतरवून पाहिला गेला. जानेवारी २०२३च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी हाच ४०चा आकडा टप्प्याटप्प्याने बंधनकारक केला. भार बदलण्याचा वेग ७० टक्क्यांच्या वर मिनिटाला ३ टक्के, ५५ ते ७०मध्ये २ आणि त्याखाली फक्त १. नियम लिहिणाऱ्यांना बॉयलरचा स्वभाव ठाऊक होता, हे यातून दिसते. मात्र संच ४० टक्क्यांपर्यंत उतरण्याजोगा करायचा तर खर्च येतो. २१०च्या म्हाताऱ्या संचांवर हा खर्च करण्यापेक्षा तो आधी ५०० मेगावॅटच्या संचांवर करावा, असे मला वाटते.